पिचर खरंच भारी आहे की नुसता नशीबवान? मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर असं काढा

गोव्यात टेनिस बॉलच्या टूर्नामेंटी बघत वाढलेल्या माणसाला बॉलरचा हिशेब शिकवावा लागत नाही, ओव्हर किती रन किती विकेट किती, झालं. पण कुणी पहाटे उठून अमेरिकेतलं बेसबॉल लावलं (न्यूयॉर्कची संध्याकाळी ७ ची मॅच आपल्याकडे पहाटे साडेचारला लागते, पोदेर म्हणजे आमचा पाववाला भोंपू वाजवत दारात येईपर्यंत अर्धीअधिक संपलेली) की पिचरच्या (म्हणजे बेसबॉलमधल्या बॉलरच्या) नावापुढे १०-९ असलं काहीतरी दिसतं आणि डोकं खाजवायची वेळ येते.

१०-९ म्हणजे त्याच्या नावावर १० मॅच जिंकल्या, ९ हरल्या. हा आकडा बघा आणि सोडून द्या. २०१८ मध्ये न्यूयॉर्क मेट्सच्या जेकब डीग्रॉमचा रेकॉर्ड हाच होता, तरी नॅशनल लीगचा साय यंग अवॉर्ड, म्हणजे लीगमधल्या सर्वोत्तम पिचरचं बक्षीस, त्यालाच मिळालं, आता स्वतःचीच टीम रन काढेना तर पिचर बिचारा काय करणार.

त्याच सीझनचे आकडे घेऊया: २१७ इनिंग, ४१ अर्न्ड रन (पिचरच्या खात्यात धरलेले रन), १५२ हिट (बॉल मारून बॅटर बेसवर पोचला), ४६ वॉक (चार खराब बॉल पडले म्हणून बॅटरला फुकट पहिला बेस), २६९ स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइक होऊन बॅटर आउट).

पहिला ईआरए, म्हणजे दर ९ इनिंगला सरासरी किती अर्न्ड रन दिले. अर्न्ड रन गुणिले ९, भागिले इनिंग. ९ का, तर पूर्ण मॅच ९ इनिंगची. ४१ × ९ ÷ २१७ = १.७०. ३ च्या खाली म्हणजे मस्त, ४ च्या आसपास साधारण, ५ च्या वर गेला तर कोच दुसरा पिचर शोधायला लागतो. फिल्डरच्या एररमुळे गेलेला रन यात धरत नाहीत, आपल्या बॉलरला ही सोय कुठली!

इथे एक घोळ होतो तो नीट बघा. ६.२ इनिंग म्हणजे ६ इनिंग आणि २ आउट, क्रिकेटमध्ये ६.२ ओव्हर म्हणजे ६ ओव्हर २ बॉल तसंच, फक्त इथे ३ आउटला इनिंग पूर्ण. कॅल्क्युलेटरला ते काय कळणार, तो सरळ ६.२ नेच भागतो. २ अर्न्ड रन दिले असतील तर उत्तर २.९० येतं, बरोबर उत्तर २.७०. सोपा उपाय म्हणजे सगळे आउट मोजायचे (६ × ३ + २ = २०) आणि रन गुणिले २७ भागिले आउट करायचं, पॉइंटची भानगडच नाही.

मग व्हिप: हिट अधिक वॉक, भागिले इनिंग. १९८ ÷ २१७ = ०.९१, म्हणजे दर इनिंगला सरासरी एकसुद्धा बॅटर हिट किंवा वॉकवर धड बेसवर पोचत नव्हता. १.३० च्या आसपास साधारण समजा. पेद्रो मार्टिनेझने २००० साली ०.७३७ केला होता, तो आकडा बघून हसूच येतं.

माझा आवडता मात्र तिसरा, स्ट्राइकआउट भागिले वॉक. २६९ ÷ ४६ = ५.८५, ३ च्या वर असला तरी पिचर चांगलाच. हिट जाणं न जाणं फिल्डर कुठे उभा आहे, किती पळतो यावरही असतं, ग्राउंडचाही हात असतो, डेन्व्हरचं ग्राउंड जवळपास एक मैल उंचीवर, तिथल्या पातळ हवेत बॉल लांब जातो आणि चांगल्या चांगल्यांचा ईआरए फुगतो. स्ट्राइकआउट आणि वॉक हा बराचसा पिचर आणि बॅटर या दोघांमधला मामला, म्हणून दोनचार मॅचवरून अंदाज बांधायचाच असेल तर आधी हा बघा, ईआरएला महिनाभर तरी द्या.

आणि रिलिव्हर, म्हणजे मधेच येणारा पिचर, त्याच्या ईआरएवर तर एकदम भाळू नका. आधीच्या पिचरने बेसवर सोडलेले रनर याच्या बॉलवर घरी पोचले (म्हणजे फेरी पूर्ण करून रन झाला) तरी ते रन आधीच्याच्याच खात्यात जातात, त्यामुळे याने मॅच घालवली तरी ईआरए चकचकीत. तो आला तेव्हा बेसवर किती होते आणि त्यातले किती घरी आले, हे वेगळं लिहून ठेवा.