मोटर बदलण्याआधी : स्वतः जोडायच्या छोट्या मोटरगाड्या कशा घ्याव्यात, जोडाव्यात आणि पळवाव्यात

सुटे भाग जोडून बांधायच्या खेळण्यांना मोठा इतिहास आहे. लिव्हरपूलच्या फ्रँक हॉर्नबी यांनी भोके पाडलेल्या धातूच्या पट्ट्यांच्या संचाचे पेटंट 1901 मध्ये घेतले, आणि त्याच कुळातले मेकॅनिक्सचे डबे आपल्याकडच्या अनेक घरांत माळ्यावर अजून सापडतात. डेन्मार्कच्या लेगो कंपनीने 1977 मध्ये दातेरी चाके आणि आस असलेले तांत्रिक संच काढले, ते आज टेक्निक या नावाने ओळखले जातात. जपानच्या तामिया कंपनीने 1982 मध्ये मिनी फोर डब्ल्यूडी ही तळहातावर मावणारी गाडी बाजारात आणली. जपानमध्ये तिला मिनी योन्कू म्हणतात. या लेखात मुख्यतः या तिसऱ्या प्रकाराचा विचार केला आहे, कारण तिन्हींमध्ये तिला जागा सर्वांत कमी लागते, ती एका संध्याकाळी जोडून होते आणि जोडणीतली प्रत्येक चूक ती पळताना लगेच दाखवून देते.

ही गाडी खऱ्या गाडीच्या एक बत्तिसांश मापाची असते. दोन पेन्सिल सेल, एक मोटर आणि त्या मोटरवर फिरणारी चारही चाके एवढाच तिचा संसार. रिमोट नसतो, वळवण्याची सोय नसते. पुढे आणि मागे आडवी बसवलेली छोटी चाके, म्हणजे रोलर, मार्गाच्या भिंतीला टेकतात आणि गाडीला वळवतात. बैलगाडीची चाकोरी तिच्याच चाकांनी पडते. या गाडीची चाकोरी मात्र आधी बांधावी लागते. मोकळ्या फरशीवर सोडली तर ती सरळ कपाटावर जाऊन आदळते, आणि पहिल्याच दिवशी पुढचा बंपर तुटून उत्साह मावळल्याची उदाहरणे मी पाहिली आहेत.

खरेदी करताना वरच्या रंगीत कवचाकडे नव्हे, तर खालच्या सांगाड्याकडे, म्हणजे चॅसिसकडे पाहावे. कवच हे केवळ रूप आहे; मोटर कोठे बसते, शक्ती चाकांपर्यंत कशी पोहोचते आणि पुढे कोणते भाग बसतील हे सर्व चॅसिस ठरवते. ढोबळमानाने दोन घराणी आहेत. एका घराण्यात मोटर पुढच्या किंवा मागच्या टोकाला असते, तिला एकच दांडा असतो, आणि दुसऱ्या टोकाच्या चाकांना शक्ती पोहोचवण्यासाठी गाडीच्या लांबीतून एक बारीक प्रोपेलर शाफ्ट जातो. दुसऱ्या घराण्यात मोटर मध्यभागी असते आणि तिला दोन्ही बाजूंना दांडा असतो, त्यामुळे लांब शाफ्टची गरज राहत नाही व घर्षणात वाया जाणारी शक्ती वाचते. 2005 मधील एमएस आणि 2013 मधील एमए हे या दुसऱ्या घराण्याचे चॅसिस आहेत. माझ्या मते पहिली गाडी एमए चॅसिसची घ्यावी, आणि दुसरी मुद्दाम शाफ्टवाली घ्यावी, म्हणजे तोच प्रश्न दोन प्रकारे कसा सोडवला आहे हे मुलांना हातात धरून कळते. एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवावी : एका दांड्याची मोटर दोन दांड्यांच्या चॅसिसमध्ये बसत नाही, आणि दोन दांड्यांची एका दांड्याच्या चॅसिसमध्ये बसत नाही. सांगलीसारख्या ठिकाणी हे भाग बहुधा टपालाने मागवावे लागतात, दुकानात बसवून पाहण्याची सोय नसते; त्यामुळे मागणी नोंदवण्यापूर्वी चॅसिसचे नाव तपासले नाही तर आठवडाभर वाट पाहून निरुपयोगी डबी हाती येते.

किमतीविषयी थोडे सांगितले पाहिजे. आयात खेळण्यांवरील मूळ सीमाशुल्क 2020 मध्ये 20 टक्क्यांवरून 60 टक्के आणि 2023 मध्ये 70 टक्के झाले, त्यामुळे जपानमधील किमतीशी तुलना करून मन खट्टू करून घेण्यात अर्थ नाही. मिरजेच्या उरुसात किंवा हरभट रोडवरच्या एखाद्या दुकानात कधी याच घाटाच्या स्वस्त नकला दिसतात. त्या वाईटच असतात असे नाही, मुलांना जोडणीचा हात बसवायला त्या चालतात. पण त्यांच्या दातेरी चाकांचे दात एकमेकांत नीट बसत नाहीत आणि प्लास्टिक ठिसूळ असते. त्यांच्यावर महागडी मोटर चढवण्याचा मोह टाळावा.

जोडायला बसताना जमिनीवर जुनी पांढरी चादर अंथरावी आणि सुटे भाग परातीत ठेवावेत. दोन मिलिमीटरचा स्क्रू सोफ्याखाली गेला की तो सापडेपर्यंत काम थांबते. हत्यारे फार लागत नाहीत : बारीक फुलीचा स्क्रूड्रायव्हर, चिमटा, बारीक पॉलिश पेपर आणि छोटा कटर. कटर नसेल तर नेलकटरही चालतो. सुटे भाग ज्या प्लास्टिकच्या चौकटीला जोडलेले येतात तिच्यातून भाग सोडवताना तो पिरगाळून तोडू नये. आधी भागापासून थोडे दूर कापावे, मग उरलेला डेख, म्हणजे जोडाचा खुंट, भागालगत कापावा आणि वर राहिलेला खडबडीतपणा पॉलिश पेपरने घासावा. हा डेख चाकाच्या कडेला किंवा गिअरच्या बाजूला राहिला तर गाडी प्रत्येक फेरीत तेथे अडखळते, आणि दोष मोटरचा वाटतो.

प्लास्टिकमध्ये स्क्रू पिळण्याची एक रीत आहे. भोकावर स्क्रू ठेवून आधी उलटा फिरवावा, आटे जुन्या खाचेत पडल्याचा बारीकसा टक् असा आवाज येतो, आणि मगच सुलटा पिळावा. प्रत्येक वेळी नवे आटे पाडत गेलो तर चार-पाच वेळा उघडल्यावर भोक सैल होते. स्क्रू धरून ठेवण्यासाठी यंत्रशाळेत वापरतात तो आटे पक्के करणारा द्रव येथे वापरू नये, त्याने काही प्लास्टिकना तडे जातात. पेट्रोल आणि थिनरही दूरच ठेवावेत.

आता वंगण. संचासोबत ग्रीसची छोटी पुडी मिळते. ती सगळी वापरायची असते असा समज करून घेऊ नये. गिअरच्या दातांवर काडीच्या टोकाने अगदी पातळ थर पुरतो. मी पहिल्या गाडीला घरातले खोबरेल लावले होते. सांगलीच्या उन्हाळ्यात ती बरी पळाली, आणि डिसेंबरातल्या एका सकाळी तिचे गिअर जागचे हलेनात, कारण खोबरेल सुमारे 24 अंश सेल्सिअसच्या खाली थिजते. आसाच्या बुशमध्ये, म्हणजे आस ज्यात फिरतो त्या कडीत, शिवणयंत्राचे तेल एक थेंब, तेही सुईच्या टोकाने, एवढे बस्स. टायरला तेल लागले तर ते लगेच पुसून काढावे.

जोडणी झाली की सेल घालण्याची घाई करू नये. मोटर आणि तिचा पिनियन, म्हणजे तिच्या दांड्यावरचे छोटे दातेरी चाक, बाजूला ठेवून गाडीची चाके बोटाने फिरवावीत. ती हलकी फिरली पाहिजेत आणि हळूहळू थांबली पाहिजेत. झटकन थांबत असतील तर कोठेतरी काही घासत आहे. कारणे बहुधा तीनच असतात. चाक आसावर इतके आत दाबले जाते की ते चॅसिसला घासते. तेथे कागदाच्या जाडीइतकी फट ठेवावी. गिअरचे झाकण पुरते बसलेले नसते. किंवा आसच वाकलेला असतो. हा आस षट्कोनी असतो, म्हणून तो काचेवर एकेका बाजूवर ठेवून उजेडाकडे पाहावे. खालून उजेडाची चीर दिसली तर तो वाकलेला आहे. वाकलेला आस ठोकून सरळ करण्यापेक्षा बदलावा. या छंदात नवीन आलेली बहुतेक मंडळी गाडी मंद वाटली की जोरदार मोटर मागवतात, आणि घासणाऱ्या गाडीत ती बसवून मोटर गरम करतात व सेल संपवतात. मी आधी घर्षण शोधतो. दोन संध्याकाळी त्यावर घालवल्या तर संचातल्या साध्या मोटरवरच गाडीत इतका फरक पडतो की नव्या मोटरची मागणी आपोआप मागे पडते.

नवी मोटर थेट पूर्ण दाबावर, म्हणजे पूर्ण व्होल्टेजवर, पळवू नये. आतले ब्रश, म्हणजे फिरत्या भागाला वीज पोहोचवणाऱ्या पट्ट्या, सपाट असतात आणि ज्या गोल कम्युटेटरवर ते टेकतात त्याचा आकार त्यांना यावा लागतो. यासाठी मोटर गाडीबाहेर काढून एकाच सेलवर, म्हणजे दीड व्होल्टवर, काही मिनिटे फिरवावी, थंड होऊ द्यावी आणि पुन्हा फिरवावी. बोटाला चटका बसण्याइतकी ती तापली तर थांबावे.

सेलच्या बाबतीत साध्या पेन्सिल सेलपेक्षा अल्कलाइन बरे, आणि नियमित खेळायचे असेल तर पुन्हा चार्ज होणारे निकेल मेटल हायड्राइड सेल उत्तम. त्यांच्यावर 1.2 व्होल्ट लिहिलेले असते म्हणून ते दुबळे समजू नयेत. मोटर जास्त प्रवाह ओढते तेव्हा त्यांचा दाब कमी घसरतो. दोन्ही सेल एकाच वयाचे आणि एकाच प्रकारचे असावेत. येथे एक गंभीर सूचना : 14500 नावाचा लिथियम सेल दिसायला हुबेहूब पेन्सिल सेलसारखा असतो, पण त्याचा दाब 3.7 व्होल्ट असतो. असे दोन सेल घातले तर मोटर जळते, आणि संपर्काचे पत्रे एकमेकांना टेकले तर आगीचा धोका असतो. तो या गाडीत कधीही घालू नये.

वेगाचा हिशेब मुलांकडून करून घेण्यासारखा आहे. मोटर मिनिटाला 12,000 फेरे घेते असे धरू. गिअरचे गुणोत्तर पाचास एक असेल तर चाक 2,400 फेरे घेते. चाकाचा व्यास 26 मिलिमीटर असेल तर परीघ सुमारे 82 मिलिमीटर, म्हणून वेग सेकंदाला सव्वातीन मीटर, ताशी सुमारे 12 किलोमीटर होतो. तीच मोटर साडेतीनास एकच्या गिअरवर कागदावर ताशी 17 किलोमीटरच्या आसपास जाते. प्रत्यक्षात भार पडला की मोटरचे फेरे कमी होतात, आणि लहान, वळणावळणाच्या मार्गावर पाचास एकवाली गाडी पुष्कळदा पुढे राहते, कारण ती वळणातून बाहेर पडताना लवकर वेग घेते. गिअर बदलताना जोडीनेच बदलावेत, आणि आपल्या चॅसिसला ते चालतात का हे डब्यावर पाहावे.

मार्ग विकत आणण्यापेक्षा घरी करणे स्वस्त पडते. फ्लेक्स छापणाऱ्या दुकानात मिळणारा 5 मिलिमीटर जाडीचा सनबोर्ड, म्हणजे फेसाळ प्लास्टिकचा हलका फळा, त्यासाठी योग्य असतो. अधिकृत नियमांप्रमाणे गाडीची रुंदी जास्तीत जास्त 105 मिलिमीटर असते आणि मार्गाची एक पट्टी, म्हणजे एका गाडीची लेन, 115 मिलिमीटर रुंद असते, म्हणजे दोन्ही बाजूंना पाच-पाच मिलिमीटर मोकळे राहतात. आठ बाय चार फुटांच्या एका शीटवर दोन पट्ट्यांचा लांबट मार्ग बसतो : वळणाच्या आतल्या भिंतीची त्रिज्या 30 सेंटिमीटर घेतली तर बाहेरची भिंत सुमारे साडेत्रेपन्न सेंटिमीटरवर येते, आणि मध्ये सव्वा मीटरपेक्षा थोडा जास्त सरळ भाग मिळतो. भिंती 5 सेंटिमीटर उंच, दुसऱ्या शीटमधून कापाव्यात. वळणावर भिंत वाकवण्यासाठी तिच्या बाहेरच्या अंगाला दर दोन सेंटिमीटरवर अर्ध्या जाडीपर्यंत उभी चीर द्यावी. आतले अंग गुळगुळीत राहिले पाहिजे, कारण रोलर त्यावरूनच धावतो. भिंतीच्या सांध्यावर पुढचा तुकडा केसभरही आत आलेला नसावा, नाहीतर गाडी तेथे आपटून उडते.

दोन पट्ट्यांच्या मार्गात बाहेरची पट्टी एका फेरीत सुमारे 75 सेंटिमीटर लांब पडते. मोठ्या मार्गांवर यासाठी पट्टी बदलणारा पूल असतो, आणि सर्वांत जास्त गाड्या तेथेच बाहेर फेकल्या जातात. घरी तो करण्याच्या भानगडीत मी पडत नाही. प्रत्येक गाडी पाच फेऱ्या आतून आणि पाच बाहेरून पळवून वेळेची बेरीज करावी, भांडण मिटते. गाडी थांबवण्यासाठी पट्टीत घडी केलेला पंचा टाकावा. पळत्या गाडीवर हात घातला तर बोट गिअरपेक्षा आधी रोलरवर सोलवटते. गाडी वळणावर वर चढत असेल तर पुढचे रोलर किंचित खाली कलते करावेत. वर कलले असतील तर ते गाडीला भिंतीवर चढायला मदतच करतात.

संग्रहाचे सांगायचे तर चॅसिसच्या प्रकाराप्रमाणे एकेक गाडी जमवावी, केवळ कवचाचे रंग जमवू नयेत. डबा, सूचनापत्रक आणि उरलेले सुटे भाग टाकू नयेत, आणि पत्रकाचे फोटो फोनमध्ये काढून ठेवावेत. ऑगस्ट 2019 च्या महापुरात गावभागातल्या आमच्या घरात खालच्या कपाटातले डबे बुडाले. चॅसिस आणि गिअर स्वच्छ पाण्याने धुऊन, वाळवून आजही पळतात. मोटरी गंजल्या, आणि पत्रकांचा लगदा झाला. तेव्हापासून डबे माळ्यावर गेले, पण माळाही पत्र्याच्या छताला लागून नसावा, कारण एप्रिल-मेच्या उष्णतेत टायर चिकट होतात आणि कवचावरचे स्टिकर सुटतात. डब्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात. अल्कलाइन सेल गळून संपर्काच्या पत्र्यावर पांढरी पूड आली असेल तर ती व्हिनेगरमध्ये बुडवलेल्या कापसाच्या बोळ्याने पुसावी, नंतर पाण्याच्या ओल्या बोळ्याने, आणि पत्रा पूर्ण वाळवावा.

दिवाळीच्या सुटीत प्रत्येक गाडी बाहेर काढून दहा-बारा फेऱ्या पळवावी. वर्षभर एकाच जागी ठेवलेल्या गाडीचे टायर खालून चपटे होतात, म्हणून ती परत ठेवताना चाके अधांतरी राहतील अशी खाली पुठ्ठ्याची पट्टी द्यावी, झाकणाच्या आतल्या बाजूला तारीख आणि मोटरचा प्रकार पेन्सिलीने लिहावा, आणि सेल काढून मगच झाकण लावावे.