कोलेस्टेरॉलची गोळी बाजारातून मागे घेतली, तर मेडिकलवाल्याने काय करावं

औषध मागे घेतल्याचं पत्र हातात पडलं की आधी बघा: ठराविक बॅच परत मागवली आहे, की औषधच बंद झालं? बॅच असेल तर स्ट्रिपवरचा नंबर जुळवून भागतं. औषधच बंद असेल तर ब्रँडवर जाऊ नका, घटक वाचा. तो जोडगोळ्यांतही असतो. कापलेल्या स्ट्रिपा हमखास राहून जातात. बॅच कळत नसलेला तुकडाही बाजूला काढा. जिवाला धोका असलेल्या औषधासाठी 24 ते 72 तासांचीच मुदत असते. माल वेगळ्या खोक्यात, वर ‘विक्रीसाठी नाही’, सोबत बॅचनिहाय यादी. डेबिट नोटवर परत पाठवा, पोच जपा.

खरं काम पुढे आहे. धडगाव, अक्कलकुव्याकडची माणसं बाजाराच्या दिवशी महिन्याच्या गोळ्या एकदम नेतात. जुनी बिलं काढून फोन करा. लागला नाही तर आशाताईंकडे निरोप द्या. सांगताना ‘गोळ्या बंद करा’ एवढंच म्हणू नका, नाहीतर बीपीची आणि रक्त पातळ करणारी गोळीही सुटते. नाव घेऊन तेवढीच थांबवायला सांगा. बदली स्टॅटिन (कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या गोळ्यांचा एक गट) डॉक्टरांनाच लिहू द्या.

8 ऑगस्ट 2001 रोजी बायर कंपनीने सेरिव्हास्टॅटिन ही स्टॅटिन गटातली गोळी मागे घेतली ते स्नायू विरघळण्याच्या विकारामुळे. तोवर अमेरिकेत 31 मृत्यू नोंदले गेले होते. त्यांतले 12 रुग्ण जेमफिब्रोझिल हे रक्तातली चरबी कमी करणारं दुसरं औषधही घेत होते. स्नायू विरघळले की त्यांतला मायोग्लोबिन हा प्रथिनाचा घटक रक्तात उतरतो आणि मूत्रपिंड निकामी करतो. म्हणून प्रत्येकाला विचारा: मांड्या, खांदे दुखतात का? जिना चढताना पाय उचलत नाहीत का? लघवी कोका-कोलासारखी गडद होते का?

आपल्याकडे चुकतं ते इथेच. रावेर-यावलला केळीचे घड वाहणारा किंवा कापूस वेचणारी बाई ‘पाय दुखतस’ म्हणाली, की कामाचा शीण समजून वेदनाशामक दिलं जातं. काही वेदनाशामकं त्याच मूत्रपिंडावर आणखी ताण आणतात. मे महिन्याच्या उन्हात लघवी पिवळी होतेच, पण पाणी पिऊन ती निवळते. तांबूस-काळपट राहिली, तर त्याच दिवशी दवाखान्यात पाठवा. तिथे रक्तातलं सीपीके (स्नायूंची इजा दाखवणारं) आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारं) तपासतात. सीपीके नेहमीच्या वरच्या मर्यादेच्या 10 पट झालं तर प्रकरण गंभीर.

औषधाच्या त्रासाची नोंद सरकारच्या औषध-दुष्परिणाम नोंदणीच्या 1800-180-3024 या मोफत क्रमांकावर रुग्णही करू शकतो. फॉर्म मराठीतही आहे. चार कोऱ्या प्रती काउंटरवर ठेवा आणि भरताना गोळीचं नाव, बॅच, सुरू केल्याची तारीख तुम्हीच लिहून द्या.