गीझर बदलायचा की दुरुस्त करायचा? ठरवताना या चुका टाळा

गीझरच्या बाबतीत दोन टोकाची माणसं भेटतात. एक, पाणी जरा कोमट आलं की लगेच "आता नवीनच घेऊन टाकू" म्हणणारी, आणि दुसरी, खालून टपटप गळतंय, बादली लावून ठेवलीये, एमसील थापून झालंय, तरी "चालतोय ना अजून" म्हणणारी. दोघांचंही चुकतं. स्टोरेज गीझरमध्ये खरा गीझर म्हणजे आतली टाकी. एलिमेंट (पाणी तापवणारी कॉइल), थर्मोस्टॅट, कटआउट (फार तापलं तर वीज तोडणारा), अॅनोड रॉड, गॅस्केट, सेफ्टी व्हॉल्व्ह हे सगळे पार्ट आहेत, ते बहुतेक वेळा बदलता येतात. टाकी गेली की मात्र गीझर गेला. त्यामुळे तक्रार कुठलीही असो, आधी हे बघायचं की बिघाड टाकीत आहे की पार्टमध्ये.

गळतंय म्हणून लगेच भंगारात काढू नका

पाणी तापलं की फुगतं. 20 डिग्रीवरून 60 डिग्रीपर्यंत गेलं की साधारण दीड टक्का वाढतं, म्हणजे 25 लिटरच्या टाकीत एक-दीड पेला पाणी जास्त होतं. इनलेटला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह असेल तर हे जास्तीचं पाणी मागे लाईनमध्ये जाऊ शकत नाही, मग ते सेफ्टी व्हॉल्व्हमधून थेंब थेंब बाहेर पडतं. गीझर तापत असताना ठिबकतंय आणि नंतर थांबतंय तर त्यात काही बिघाड नाही, उलट व्हॉल्व्ह काम करतोय. गीझर बंद असताना पण दिवसभर ठिबकत असेल तर व्हॉल्व्हमध्ये कचरा अडकलाय, तो खराब झालाय किंवा लाईनचं प्रेशर जास्त आहे. काही जण वैतागून त्या व्हॉल्व्हचं तोंडच बंद करतात. हे कधीही करू नका, थर्मोस्टॅट अडकला आणि वाफ-प्रेशर बाहेर जायला वाट नसली तर टाकी अक्षरशः फुटते.

बाकी गळती शोधायची तर मेन स्विच बंद करा, सगळं कोरडं पुसा आणि टिश्यू पेपर घेऊन एकेक जागा बघा. इनलेट-आउटलेटच्या पाईपचे जोड ओले होतायत? टेफ्लॉन टेप नाहीतर वॉशर, विषय संपला. खालचं कव्हर काढल्यावर एलिमेंट जिथे बोल्टने बसवलेलं असतं तिथून येतंय? गॅस्केट बदला. पण हे सगळं कोरडं आहे आणि बाहेरची बॉडी आणि आतला फोम यांच्या मधून पाणी येतंय, सोबत गंजाचे डाग, तर टाकीला भोक पडलंय. अशा वेळी वेल्डिंग करून देतो म्हणणारा कुणीतरी भेटतोच, ऐकू नका, टाकीला आतून काचेसारखं कोटिंग असेल तर वेल्डिंगच्या उष्णतेने ते आजूबाजूचं पण तडकतं आणि पुढची गळती नक्की होते. शिवाय हे पाणी फोममध्ये मुरून वायरिंगच्या टर्मिनलवर उतरतं, म्हणून बादली लावून दिवस काढणं हा प्रकार नकोच.

पाणी कोमट येतंय, यात गीझरचा दोष असेलच असं नाही

आधी मिक्सर (गरम-थंड पाणी एकत्र करणारा नळ) तपासा. गीझरचा स्विच बंद, गीझरकडे जाणारा इनलेटचा कॉक बंद, आणि फक्त गरम पाण्याचा नळ उघडा. थोडं पाणी येऊन थांबायला हवं. येतच राहिलं तर मिक्सरच्या आतून थंड पाणी गरम लाईनमध्ये घुसतंय, मिक्सरचं कार्ट्रिज बदललं की काम होतं. हे न बघता चांगला चालू गीझर बदलणारे लोक आहेत, आणि नवीन लावल्यावरही पाणी कोमटच!

मग वेळ मोजा. हिशोब सोपा आहे: लिटर गुणिले जितके डिग्री वाढवायचे, त्याला 860 ने भागलं की किती युनिट वीज लागेल ते कळतं. 15 लिटर पाणी 25 वरून 60 डिग्रीला न्यायचं तर साधारण 0.6 युनिट, म्हणजे 2000 वॅटच्या एलिमेंटला 18-20 मिनिटं. 25 लिटरला अर्धा तास. तुमचा गीझर याच्या आसपास असेल तर तो ठणठणीत आहे. थंडीत येणारं पाणीच 15 डिग्रीचं असलं तर वेळ वाढणारच, आणि व्होल्टेज 10 टक्के पडलं की एलिमेंटची उष्णता जवळपास 19 टक्के कमी होते, तेव्हा हिवाळ्यात "म्हातारा झाला बिचारा" असा निकाल देण्याआधी हे दोन्ही बघा.

गीझर हिशोबाच्या आधीच कट होतोय आणि गरम पाणी लवकर संपतं, असं असेल तर थर्मोस्टॅट किंवा क्षार. खाऱ्या पाण्यातला कॅल्शियमचा थर एलिमेंटवर बसला की उष्णता पाण्यात नीट जात नाही, एलिमेंट स्वतःच भाजून निघतं आणि शेवटी उडतं. हाच थर थर्मोस्टॅटच्या नळीभोवती जमला की तिथे खोटी गरमी साचते आणि बाकी पाणी तापायच्या आतच कट होतो. आतून गुरगुर, फटफट असा आवाज येतो तो पण बहुतेक याचाच, साचलेल्या थराखाली वाफेचे बुडबुडे अडकून फुटतात. डिस्केलिंग (क्षाराचा थर काढणं) करून घ्या, टाकी चांगली असेल तर एवढ्यासाठी नवीन गीझर घ्यायची गरज नाही.

लाल पाणी आणि वास

तांबूस पाणी आलं की थंड पाण्याचा नळ पण सोडून बघा. दोन्हीकडे तसंच असेल तर वरच्या टाकीचा किंवा पाईपचा प्रश्न. फक्त गरम पाणी लाल येतंय, आणि टाकी दोनदा-तीनदा रिकामी करून भरली तरी येतंय, तर आत गंज धरलाय. इथे अॅनोड रॉड काढून बघायचा. हा मॅग्नेशियमचा (काहींत अॅल्युमिनियमचा) रॉड टाकीऐवजी स्वतः झिजतो, तेवढंच त्याचं काम. त्याची नुसती तार उरली असेल आणि लाल पाणी पण येत असेल तर टाकीनेच झिजायला सुरुवात केलीये, नवीन रॉड टाकून फारसं हाती लागणार नाही. लाल पाणी नसेल तर रॉड बदला, अजून वर्षं निघतील. खारं पाणी असेल तर रॉड वर्षा-दोन वर्षांनी बघायला हवा, आणि खरं सांगायचं तर बहुतेक घरांत तो आहे हेच माहीत नसतं.

सडक्या अंड्यासारखा वास मात्र टाकी गेल्याचं लक्षण नाही. तो पाण्यातल्या जीवाणूंमुळे आणि मॅग्नेशियम रॉडमुळे तयार होणारा गॅस असतो. टाकी धुवून, 60 डिग्रीपर्यंत तापवून, लागलं तर वेगळा रॉड लावून जातो.

स्विच पडतोय म्हणून ईएलसीबी बायपास करू नका

ईएलसीबी म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, तो बायपास करणं ही या सगळ्यात जीवघेणी चूक. गीझर लावला की ट्रिप होतं याचा अर्थ बहुतेक वेळा एलिमेंटचं वरचं आवरण तडकलंय आणि करंट पाण्यात उतरतोय. एलिमेंट बदलून घ्या, तोवर गीझर बंद. तसंच कटआउट सारखा उडत असेल तर बहुतेक वेळा थर्मोस्टॅट अडकलाय, तो बदला, कटआउटची वायर थेट जोडून देणाऱ्याला हात लावू देऊ नका. प्लग-सॉकेट पण बघा, 2000 वॅटचा गीझर 230 व्होल्टवर जवळपास 9 अँपिअर खेचतो, त्याला 16 अँपिअरचंच सॉकेट आणि नीट अर्थिंग लागतं, जळका वास येतो तो कित्येकदा तिथून.

गॅस गीझर असेल तर नियम कडक आहे. ज्योत निळीऐवजी पिवळी, बॉडीवर काजळी, किंवा आंघोळीनंतर डोकं दुखणं, गरगरणं यातलं काहीही दिसलं तर लगेच बंद करा, बाहेर मोकळ्या हवेत या आणि तपासून घेतल्याशिवाय परत लावू नका. गॅस नीट जळला नाही की विषारी कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, आणि त्याला वास नसतो.

मग बदलायचा कधी?

टाकी गळतेय तर आजच. गरम पाणी लाल आणि रॉड संपलेला, तर नवीन शोधायला लागा. साधारण 8 ते 12 वर्षं झालीत आणि एलिमेंट, थर्मोस्टॅट असे मोठे पार्ट एकामागून एक जातायत, तर माझ्या मते पैसे पार्टवर घालू नयेत. वय आठवत नसेल तर बॉडीवरच्या पट्टीवर बनवल्याचं साल बघा. आणि चार-पाच वर्षांच्या गीझरची टाकी गेली असेल तर नवीन आणण्याआधी कारण शोधा, नाहीतर तोही तसाच जाईल. पट्टीवर किती बारपर्यंत (बार हे प्रेशरचं माप) चालतो ते लिहिलेलं असतं, बऱ्याचदा 8. दर 10 मीटर उंचीला 1 बार प्रेशर वाढतं, म्हणजे खूप उंच बिल्डिंगच्या खालच्या मजल्यांवर, त्यातही प्रेशर पंप असेल तर, ही मर्यादा गाठली जाऊ शकते, तिथे प्रेशर कमी करणारा व्हॉल्व्ह लावून घ्या. टाकी जाण्याचं कारण खारं पाणी असेल तर सेटिंग 55-60 च्या वर नेऊ नका, जास्त तापमानाला क्षार जास्त बसतात.

नवीन बसवताना जुना सेफ्टी व्हॉल्व्ह परत लावू देऊ नका. आणि गरम नळातून सलग, हवा न सुटता पाणी येईपर्यंत स्विच चालू करायचा नाही, रिकाम्या टाकीत नवंकोरं एलिमेंट थोड्याच वेळात जळतं.