अहमदाबादची सावली लातुरात आणताना

नकाशा मंजुरीला टाकायच्या आधीच घरमालक मोबाईलमधला एक फोटो इंजिनिअरपुढं धरतो आणि म्हणतो, "एलिव्हेशन असं पाहिजे." फोटोत उघड्या विटा असतात, काँक्रीटची उभी पाती असतात, एखादी कमान असते. फोटो अहमदाबादचा नाहीतर तिरुअनंतपुरमचा, आणि प्लॉट परभणीचा, लातूरचा किंवा संभाजीनगरच्या सिडकोतला. फोटोत इमारतीचा चेहरा येतो, ती तशी का आहे ते येत नाही. ते कळतं सेक्शनमध्ये, म्हणजे इमारत सुरीनं उभी कापल्यावर जसं चित्र दिसेल त्यात. म्हणून आवडलेल्या इमारतीचं नाव शोधा, तिचा सेक्शन आणि प्लॅन मिळवा (नामवंत इमारतींचे बहुधा सापडतात), आणि त्यात आधी उत्तर दिशेचा बाण पाहा. बाण नसेल तर त्या चित्रावरून काही ठरवू नका.

ऊन: छज्जा किती, पाती कुठं

अहमदाबादच्या मिल ओनर्स असोसिएशनच्या इमारतीला (वास्तुकार ल कॉर्बुझिए, १९५४) पूर्वेला साबरमती आहे आणि पश्चिमेला रस्ता. दोन्ही अंगांना काँक्रीटची पाती आहेत, पण नदीकडची काटकोनात सरळ आणि रस्त्याकडची तिरकी वळवलेली. उत्तर-दक्षिण भिंती जवळजवळ बंद. पश्चिमेचं तिरपं ऊन अडवायचं आणि वारा मात्र आत घ्यायचा, म्हणून पाती तिरकी. आपल्याकडे हीच पाती दक्षिणेला, सहा इंच खोलीची, रंग देऊन लावलेली दिसतात. ती फक्त धूळ धरतात.

मराठवाडा साधारण १८ ते २० अक्षांशांत येतो, त्यामुळं हिशोब सरळ आहे. मार्च आणि सप्टेंबरच्या २१-२२ तारखेला दुपारी सूर्य दक्षिणेला सुमारे ७० अंशांवर असतो. डिसेंबरात तो ४७-४८ अंशांपर्यंत खाली येतो. मे महिन्यात एक दिवस बरोबर डोक्यावर येतो आणि त्यानंतर जुलैपर्यंत थोडा उत्तरेकडे कलतो. याचा अर्थ, दक्षिणेच्या ४ फूट उंच खिडकीला दीड फुटाचा छज्जा पुरतो: मार्च ते सप्टेंबर दुपारचं ऊन काचेवर येत नाही, आणि थंडीत खिडकीच्या खालच्या सव्वादोन-अडीच फुटांतून ऊन आत येतं, जे हवंच असतं.

पश्चिमेला हा छज्जा कामाचा नाही. मे महिन्यात चार वाजता सूर्य ४० अंशांवर असतो आणि पाच वाजता २७ अंशांवर. २ फुटांचा छज्जा पाच वाजता जेमतेम १ फूट सावली देतो. ४ फुटांची खिडकी झाकायची तर ८ फुटांचा छज्जा लागेल. तो छज्जा राहत नाही, ओसरी होते. मुंबईच्या कांचनजंगा इमारतीत (चार्ल्स कोरिया, १९८३) नेमकं हेच केलंय. तिथं वारा आणि समुद्र पश्चिमेला, पण ऊन आणि पाऊसही तिकडूनच. मग जुन्या बंगल्यांची ओसरी उचलून दोन मजली उंचीच्या कोपऱ्यातल्या गच्च्या केल्या. आपल्याला समुद्र नाही, त्यामुळं पश्चिमेचा मोह धरायचं कारणही नाही. पश्चिमेला जिना, न्हाणीघर, कोठी टाका. बैठक तिकडं येणारच असेल तर ६ ते ८ फुटांची ओसरी ठेवा आणि तिच्या कडेला विटांची जाळी.

जाळीतही जाडीलाच महत्त्व आहे. ९ इंच जाडीच्या भिंतीत ४ इंच उंचीचं भोक ठेवलं, तर सूर्य २४ अंशांच्या खाली उतरेपर्यंत थेट ऊन आत येत नाही, म्हणजे मे महिन्यात पाच वाजून गेल्यावरच. विटा वाचवायला तीच जाळी साडेचार इंची केली की चार वाजताच जमिनीवर उन्हाचे ठिपके पडतात. सिमेंटच्या तयार जाळ्या दोन इंच जाडीच्या असतात. त्या वाऱ्यासाठी ठीक, उन्हासाठी नाहीत.

शोरूमसारखा पश्चिमेला काचेचा पडदा लावून मागं एसी चालवायचा असेल, तर हा लेख तुमच्यासाठी नाही.

भिंत: बेकरची पोकळ भिंत आणि किल्लारीची आठवण

लॉरी बेकर (१९१७-२००७) जन्मानं इंग्रज, पण बांधलं बहुतेक केरळात. तिरुअनंतपुरमचं सेंटर फॉर डेव्हलपमेंट स्टडीज हे त्यांचं सगळ्यात ओळखीचं काम. त्यांनी रूढ केलेलं रॅट-ट्रॅप बाँड आपल्या हवेला चांगलं मानवतं. यात वीट आडवी न झोपवता कडेवर उभी ठेवतात. भिंतीच्या दोन्ही तोंडांना एकेक उभी वीट, मध्ये सुमारे ३ इंचांची पोकळी, आणि ठरावीक अंतरावर दोन्ही तोंडं जोडणारी आडवी वीट. भिंत ९ इंचीच राहते, पण १०० विटांच्या जागी साधारण ७५ लागतात, माल कमी लागतो, आणि मधली हवा उष्णता आत यायला वेळ लावते.

काम असं चालतं. जोत्यावरचा पहिला थर भरीव घ्या. खिडकीच्या खालचा, लिंटेलखालचा (दारा-खिडकीवरच्या तुळईखालचा) आणि स्लॅबखालचा थरही भरीव. दारा-खिडक्यांच्या कडा आणि कोपरे भरीव, नाहीतर चौकटीचे होल्डफास्ट (चौकट भिंतीला धरून ठेवणाऱ्या लोखंडी पट्ट्या) पोकळीत जातात आणि दोन वर्षांत दार हलायला लागतं. माल १:६ (एक भाग सिमेंट, सहा भाग वाळू). प्रत्येक थराला पोकळीवर ३ इंच रुंदीची लाकडी पट्टी ठेवायची, माल पसरायचा, पट्टी उचलायची. ही पट्टी गवंडी हमखास टाळतो. मग माल पोकळीत पडत जातो, दोन्ही तोंडं खालून जोडली जातात आणि पावसाचं पाणी त्या पुलावरून आतल्या गिलाव्यावर येतं. विजेचे उभे पाइप बांधतानाच पोकळीत सोडा. नंतर भिंत फोडली तर ३ इंचांच्या उभ्या विटेत काही उरत नाही.

खरी अडचण विटेची आहे. रॅट-ट्रॅपला एकसारखी वीट लागते. वाकडी वीट आडव्या थरात मालात दडते, कडेवर उभी केली की ओळंबा सुटतो. भट्टीवरून ट्रॅक्टर मागवण्याआधी २० विटा घ्या, एका ओळीत लावून लांबी मोजा, पुन्हा रुंदीनं लावून मोजा. वीट लांबीला ९ इंच असेल तर तिची रुंदी ४ ते सव्वाचारच्या आसपास हवी. दोन विटा एकमेकींवर वाजवल्या की खणखणीत आवाज यायला हवा. कमरेइतक्या उंचीवरून टाकली तर फुटू नये. वजन करून २४ तास पाण्यात ठेवा; ३ किलोची वीट ६०० ग्रॅमपेक्षा जास्त पाणी प्यायली तर ती उघड्या भिंतीला वापरू नका.

उघड्या विटेचं आणखी एक दुखणं म्हणजे बोअरचं पाणी. त्यातले क्षार भिंत वाळताना तोंडावर पांढरे फुलतात. ते ओल्या फडक्यानं पुसू नका, विरघळून पुन्हा आत जातात. भिंत पूर्ण वाळू द्या, कोरड्या ब्रशनं झाडा, दोन-तीनदा झाडल्यावर बरेचसे कमी होतात. बांधकामाला टँकरचं गोडं पाणी परवडत असेल तर निदान उघड्या भिंतींपुरतं वापरा.

आता भूकंप. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला जी घरं बसली, त्यात दोन-अडीच फूट जाडीच्या दगडमातीच्या भिंती होत्या. बाहेरचा थर वेगळा, आतला वेगळा, मधे भर, आणि दोन्ही थरांना आरपार बांधणारा दगड नाही. वर माळवदाची जड माती. भिंतीची जाडी पाहून लोकांना ती मजबूत वाटायची. रॅट-ट्रॅपमध्येही तोंडं दोनच असतात, म्हणून ती जोडणारी आडवी वीट आणि सलग काँक्रीट पट्टा या दोन गोष्टींत तडजोड नको. पट्टा तीन ठिकाणी: जोत्याला, लिंटेलला आणि छताखाली (आरसीसी स्लॅब सगळ्या भिंतींवर बसत असेल तर छताखालचा लागत नाही). किमान ३ इंच जाड, १० मिमीच्या दोन सळया, दर ६ इंचांना ६ मिमीची कडी. लिंटेलचा पट्टा फक्त खिडकीवर नको, सगळ्या भिंतींवरून घराला कंबरपट्ट्यासारखा सलग गेला पाहिजे. कोपऱ्यात सळई तोडून ठेवू नका. वाकवून दुसऱ्या भिंतीत किमान दीड-दोन फूट न्या. कोपऱ्यांतल्या पोकळीत एकेक उभी सळई पायापासून स्लॅबपर्यंत घेऊन ती पोकळी काँक्रीटनं भरा. ही केवळ किमान मापं आहेत. खोलीचा गाळा मोठा असेल किंवा वर मजला चढणार असेल तर इंजिनिअरकडून हिशोब करून घ्या. काळ्या मातीत पाया असेल तर मुरूम लागेपर्यंत खोदणं यात गृहीत धरलंय.

कमानीचा हट्ट असेल तर लुई कान यांच्या अहमदाबादच्या आयआयएमकडे नीट पाहा. विटांच्या रुंद, चपट्या कमानींच्या पायाशी काँक्रीटची आडवी तुळई आहे. ती शोभेची नाही. चपटी कमान टेकूला बाहेर ढकलते, ती तुळई दोन्ही टोकं धरून ठेवते. घराच्या कोपऱ्यापासून फूटभरावर कमान ठेवून ती तुळई गाळली, तर पहिली तिरकी चीर कोपऱ्यातच जाते. त्याच आयआयएमच्या विटांत वर्षानुवर्षं ओल मुरली, २००१ च्या भूकंपाचा धक्काही बसला, आणि २०२० मध्ये वसतिगृहं पाडण्याचा विचार पुढं आला तेव्हा जगभरातून विरोध झाला. कानची वीटसुद्धा पाण्यापुढं टिकत नाही. भिंतीच्या माथ्यावर शहाबादी फरशीची टोपी घाला, दोन्ही बाजूंना २ इंच बाहेर काढा आणि खालून पाणी तोडणारी खाच मारा.

गरम हवा वर जाते, पण तिला दार हवं

कोरियांचं अहमदाबादचं ट्यूब हाउस (१९६१-६२) जेमतेम १२ फूट रुंदीचं होतं. उतरत्या छताखालून गरम हवा वर सरकून माथ्यावरच्या झरोक्यातून बाहेर पडायची आणि दाराशेजारच्या झडपांतून ताजी आत यायची. आपल्या २० बाय ४० च्या, दोन्ही बाजूंनी भिंती चिकटलेल्या प्लॉटला हे जसंच्या तसं लागू पडतं. जिन्याच्या वरच्या खोलीत, स्लॅबला लागून, पूर्वेच्या बाजूला झरोका ठेवा. पाऊस पश्चिमेकडून झोडपतो. आकार खालच्या उघड्या खिडकीइतका तरी हवा, जाळी आणि झडप दोन्ही हवेत. सकाळी नऊ-दहाला सगळं बंद, सूर्य मावळल्यावर सगळं उघडं. बाहेर ४२ अंश असताना "हवा येऊ दे" म्हणून खिडकी उघडली की घर भट्टी होतं. कूलर लावत असाल तर उलट: तो चालू असताना झरोका उघडाच हवा, नाहीतर ओली हवा कोंडते आणि दुपारी तीनला भिंती चिकट होतात.

छत: संगाथचा पांढरा माथा

बाळकृष्ण दोशी पुण्यात जन्मलेले, वास्तुकलेतलं २०१८ चं प्रित्झकर पारितोषिक मिळालेले. अहमदाबादचं त्यांचं संगाथ हे कार्यालय अर्धवट जमिनीत आहे, आणि त्याच्या गोल छतांवर फुटक्या पांढऱ्या चिनी मातीच्या तुकड्यांचा थर आहे. ऊन परत फिरतं, पाऊस पन्हाळींतून वाहत खाली येतो. यातला गोल आकार सोडून द्या; सपाट गच्चीलाही तोच पांढरा माथा चालतो. आपल्याकडे त्याला चायना मोझॅक म्हणतात आणि करणारे कारागीर मिळतात.

काम जानेवारी-फेब्रुवारीत उरका. एप्रिलच्या उन्हात मालातलं पाणी उडून जातं, आणि पुढच्या वर्षी काठीनं ठोकलं की तुकड्यांखालून पोकळ आवाज येतो. आधी स्लॅबच्या चिरा उघडून भरा. मग ब्रिकबॅट कोबा: विटांचे तुकडे रात्रभर भिजवून उभे लावायचे, फटींत १:५ चा माल वॉटरप्रूफिंगचं औषध घालून. उतार दर १० फुटांना सव्वा इंच, पाइपाजवळ जाडी किमान ३ इंच. पाइप २० फुटांवर असेल तर दुसऱ्या टोकाला साडेपाच इंच होतात, आणि ४ इंच कोब्याचंच वजन चौरस फुटाला १८-२० किलो भरतं. जुन्या स्लॅबवर हे चढवण्याआधी इंजिनिअरला विचारा. पाइप दोन ठिकाणी घेतले तर जाडी आपोआप कमी होते. कठड्याला लागून गोल वाटा (कोपरा भरणारी मालाची गोलाई) काढून तो ६ ते ९ इंच वर न्या, कारण गळती गच्चीच्या मध्यातून क्वचितच येते, ती त्या कोपऱ्यातून येते. ७ दिवस पाणी कोंडून ठेवा आणि खालच्या खोलीचं छत रोज पाहा. ओल दिसली तर इथंच थांबून दुरुस्त करा.

त्यावर ओल्या मालात एक-दीड इंचाचे भिजवलेले पांढरे तुकडे, चकाकती बाजू वर, लाकडी थापीनं दाबून. फटी पांढऱ्या सिमेंटनं भरून त्याच दिवशी पुसून घ्या. धारदार कड वर राहिली तर उन्हाळ्यात गच्चीवर झोपणाऱ्यांचे पाय कापतात. वाळवणाला ही गच्ची उत्तम, फक्त डोळ्यांवर रुमाल घ्यावा लागतो. आपल्या धुळीनं पांढरा माथा वर्षात करडा होतो आणि मग अर्धा फायदा जातो. होळीच्या सुमारास एकदा घासून धुवा.

पाण्यासाठी दर ४००-५०० चौरस फुटांना एक ४ इंची पाइप. ७०० मिमी पाऊस धरला तर १००० चौरस फूट गच्चीवरून, वीस टक्के वाया गेले तरी, ५० हजार लिटरच्या वर पाणी उतरतं. २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं, हे लक्षात घेतलं तर तो आकडा लहान नाही. टाकीच्या आधी पाइपाला एक फाटा काढून २०० लिटरचा ड्रम लावा, तळाला बारीक नळ. पावसाचा पहिला लोट धूळ, पक्ष्यांची घाण घेऊन त्यात जातो. रोहिणीतला वळीव तर सगळाच वाहू द्या. मृगाचा एक चांगला पाऊस गच्ची धुऊन गेला की व्हॉल्व्ह टाकीकडे फिरवा.