घरातलं शिसं आधी काढा, मग औषधाचं बोला

शिसं अंगात जातं तेव्हा लगेच काही कळत नाही. मूल चिडचिडं होतं, पोट दुखतं, रक्त कमी भरतं आणि खापर जंतांवर फुटतं. म्हणून लक्षणांची वाट न बघता आधी घर तपासा. सुरुवात स्वयंपाकघरातून.

पातेल्यांना कल्हई शुद्ध कथलाचीच हवी. कथील महाग, शिसं स्वस्त. शिवाय शुद्ध कथील 232 अंशांना वितळतं, शिसं मिसळलेलं त्याआधीच, म्हणून भेसळीचा मोह होतो. भट्टी पेटण्याआधी कल्हईवाल्याकडून कथलाची कांडी मागून घ्या. कोऱ्या कागदावर घासल्यावर पेन्सिलीसारखी करडी रेघ उमटली, तर शिशाचा संशय धरा. शुद्ध कथील कानाशी धरून वाकवलं की कुरकुरतं, शिसं मुकाट वाकतं. भेसळ थोडी असेल तर मात्र दोन्ही चाचण्या फसतात. त्यामुळे शंकेच्या भांड्यात कढी, चिंचेची आमटी, आमसुलाचं सार शिजवू नका. आंबटात शिसं झटकन उतरतं.

हळद झळझळीत पिवळी दिसते म्हणून घेऊ नका. हळकुंडांना चमक यावी म्हणून काही ठिकाणी लेड क्रोमेट, म्हणजे शिशाचा पिवळा रंग, चोळतात. बिनपॉलिशची हळकुंडं आणून दळून घेतलेली बरी. सुरमा मुलांच्या डोळ्यांत नको. मारुतीचा शेंदूर बहुधा शिशाचाच ऑक्साइड असतो, तेव्हा तो लागलेला हात धुतल्याशिवाय प्रसाद खाऊ नये. जुन्या पितळी नळाचं सकाळचं पहिलं पाणी सोडून द्या. उकळून शिसं जात नाही, उलट पाणी आटलं की प्रमाण वाढतं.

सगळ्यात मोठी चूक रंगकामात होते. घरगुती रंगात शिशाला 90 पीपीएमची (दहा लाख भागांत 90 भाग) मर्यादा नोव्हेंबर 2017 पासून आहे. त्याआधीच्या ऑइलपेंटचा भरवसा नाही. दाराची चौकट कोरडी घासली की धूळ घरभर उडते आणि रांगणारं मूल ती बोटाने तोंडात नेतं. लहान मुलं आणि गरोदर बाई यांना काम संपेपर्यंत दुसरीकडे पाठवा. खाली प्लास्टिक अंथरा, एन-95 मास्क लावा, रंग पाण्याने भिजवून वॉटरपेपरनेच घासा. स्टोव्हने किंवा हीट गनने जाळू नका, धूर आणखी वाईट. शेवटी झाडू न फिरवता ओल्या फडक्याने दोनदा पुसा. कामाचे कपडे वेगळे धुवा.

आता तपासणी. शिरेतून काढलेल्या रक्तातलं शिसं मोजायचं. बोट टोचून घेतलेला नमुना त्वचेवरच्या धुळीने खोटा वर जातो, आणि केसांच्या तपासणीवर पैसे घालवू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते 5 मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर किंवा अधिक असेल तर स्रोत शोधून बंद करायचा. सोबत लोह आणि कॅल्शियमची कमतरता भरून काढा. ती असली की आतडी शिसं जास्त ओढतात. मुलांत 45 च्या वर गेल्यास डॉक्टर सक्सिमर हे शिसं बांधून शरीराबाहेर काढणारं औषध देतात, 19 दिवसांचा कोर्स. 70 च्या वर, किंवा झटके, सततची उलटी, सुस्ती दिसली तर थेट रुग्णालय.

घरी ‘डिटॉक्स’ म्हणून ईडीटीए हे धातू बांधून ठेवणारं रसायन घेऊ नका. त्याचा डायसोडियम प्रकार रक्तातलं कॅल्शियम ओढून घेतो आणि हृदय बंद पडू शकतं. आयुर्वेदातल्या रसौषधींची, म्हणजे धातूंपासून केलेली, भस्मंही बंद. नागभस्म म्हणजे शिसंच.

कोर्स संपला की हाडांत साठलेलं शिसं रक्तात उतरतं आणि आकडा थोडा वर येतो. दोन ते चार आठवड्यांनी पुन्हा तपासा. तो जुन्या पातळीवरच पोहोचला, तर घरात अजून काहीतरी राहिलंय.