सोसायटीत वस्तूंची लायब्ररी: काय ठेवायचं आणि परत कसं घ्यायचं

आधी काहीही विकत आणू नका. तीस-चाळीस फ्लॅटच्या सोसायटीत दोन-तीन ड्रिल मशीन, शिड्या आणि चकलीचे साचे माळ्यावर पडलेलेच असतात. व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन प्रश्न टाका: माळ्यावरचं काय देऊ शकता, आणि गेल्या वर्षात शेजाऱ्यांकडे काय मागायला गेला होतात? खरी यादी दुसऱ्या प्रश्नातून निघते. ती बहुतेक अशीच येते: ड्रिल, सहा फुटी ॲल्युमिनियमची घडीची शिडी, एक्स्टेन्शन बोर्ड, मोदकपात्र, सोऱ्या, पुरणयंत्र, मोठी पातेली, जादा गाद्या, तंबू, वॉकर, व्हीलचेअर. पंधरा-वीस वस्तू सुरुवातीला पुरे. शंभर जमवल्या तरी फिरतील या पंधराच.

वस्तू घेताना वहीत 'दान' की 'ठेव' हे लिहून देणाऱ्याची सही घ्या. ठेव असेल तर मोडल्यावर भरपाई कुणाची, हेही तिथेच लिहा. हे राहून गेलं की पहिल्या मोडक्या मिक्सरवरून दोन घरांचं बोलणं बंद होतं.

जागेसाठी व्यवस्थापक समितीचा लेखी ठराव घ्या. सेक्रेटरीचं तोंडी 'हो' पुढच्या निवडणुकीपर्यंतच टिकतं. एक लोखंडी कपाट पुरतं, पण मीटर रूममध्ये ते ठेवू नका. पार्किंगमध्ये ठेवणार असाल तर सगळ्यात खालचा कप्पा जमिनीपासून फूटभर वर हवा. ढगफुटीसारखा पाऊस झाला की पुण्यातली बेसमेंट कशी भरतात, ते सगळ्यांनी पाहिलंय. जून ते सप्टेंबर लोखंडी अवजारांना मशीन ऑइलचा हात द्या.

भाडं लावू नका, परत मिळणारं डिपॉझिट घ्या: लहान वस्तूला २००, ड्रिल-तंबूला ५०० रुपये. भाडं दिलं की माणूस वस्तू दुकानातून आणल्यासारखी वापरतो. देखभालीसाठी घरटी वर्षाला २०० रुपये वर्गणी काढा. चाळीस घरांचे आठ हजार होतात, दुरुस्ती आणि एखादी नवी वस्तू त्यात भागते. पाने-पक्कड जुन्या बाजारातून घेतली तरी चालतील. विजेवर चालणारं काहीही तिथून आणू नका.

देवघेव रविवारी सकाळी नऊ ते अकरा आणि बुधवारी रात्री आठ ते नऊ, एवढीच ठेवा. दार कधीही वाजवता येतं म्हटल्यावर किल्ली सांभाळणारा दोन महिन्यांत कंटाळतो.

सगळी लायब्ररी तरते ती परत घेतानाच्या पाच मिनिटांवर. ड्रिलचंच बघा. १३ मिमीचं हॅमर ड्रिल (फिरता फिरता ठोकेही देणारं), साइड हँडल, चकची (बिट पकडणाऱ्या जबड्याची) किल्ली आणि भिंतीसाठीचे ६, ८, १० मिमीचे बिट एका डब्यात ठेवा. झाकणाच्या आत या सगळ्याचा फोटो चिकटवा. सगळ्यात आधी हरवते ती किल्ली. ती वायरला प्लगजवळ आखूड दोरीने बांधा. मग बिट बदलायला प्लग काढावाच लागतो. परत आल्यावर बिटचं टोक पाहा. निळं-काळं पडलं असेल तर हॅमर बंद ठेवून काँक्रीटवर जोर लावलेला आहे, किंवा लाकडाचा बिट भिंतीत घातलेला आहे. टाइलवर मात्र भोक टाइलच्या आरपार जाईपर्यंत हॅमर बंदच ठेवायचा, हे देतानाच सांगा. नळाच्या आणि स्विचबोर्डच्या सरळ वर-खाली भोक पाडायचं नाही, हेही सांगा, कारण आतून पाइप किंवा वायर गेलेली असते. शेवटी मशीन दहा सेकंद चालवा. ठिणग्या जास्त आणि जळका वास आला तर बहुधा कार्बन ब्रश, म्हणजे मोटरला वीज पोचवणारे कार्बनचे तुकडे, झिजलेत. पुण्यात बोहरी आळीत ते स्वस्तात मिळतात, मॉडेल नंबर मात्र लिहून न्या.

एक्स्टेन्शन बोर्डावर '६ अँपिअर' ठळक लिहा. त्यावर सुमारे १३०० वॉटच्या वरचं काही लावायचं नाही. म्हणजे गीझर, इंडक्शन, प्रेशर वॉशर नाही. गुंडाळीवाली वायर पूर्ण सोडूनच वापरायची, नाहीतर गुंडाळीतच तापून वितळते.

सोऱ्याची तऱ्हा वेगळी. पितळी सोऱ्या परत येतो तेव्हा जाळ्यांच्या भोकांत पीठ वाळलेलं असतं, आणि बारीक शेवेची जाळी तर आलेलीच नसते. जाळ्या तारेत ओवून ठेवा, मोजून द्या, मोजून घ्या. वाळलेलं पीठ कोमट पाण्यात पंधरा मिनिटं भिजवून दात घासायच्या ब्रशने काढायचं. सुईने टोकरायचं नाही, चकलीचे काटे बोथट होतात. दिवाळीआधीचे पंधरा दिवस सोऱ्या तीन दिवसांपेक्षा जास्त देऊ नका आणि नोंदणी महिनाभर आधी उघडा. मोठी पातेली दोन वेगळ्या खुणांची ठेवा, एक फक्त शाकाहारासाठी. यावर चर्चा घडवू नका, नुसती खूण करा.

तंबू ओला परत आला तर घेऊच नका. दिवसभर गॅलरीत वाळवून आणायला सांगा, बुरशी एकदा धरली की जात नाही. ड्रिल-शिडीला दोन दिवस, तंबूला पाच. वॉकर-व्हीलचेअरला मुदत घालायची ती दीड महिन्याची, आणि मागितली तर वाढवून द्यायची. दुखण्याला तारीख नसते.

उशिराला दंड ठेवलात तर लोक खुशाल दंड भरून वस्तू ठेवून घेतात. त्यापेक्षा आदल्या दिवशी खासगी मेसेज करा आणि वस्तू येईपर्यंत त्या घराला दुसरं काही देऊ नका. ग्रुपवर नाव टाकू नका, पुढच्या वेळी ते घर वस्तू दान देणार नाही.

काही गोष्टी फुकट मिळाल्या तरी नाकारा: गॅस सिलिंडर, अँगल ग्राइंडर, आधी कुणी वापरलेलं हेल्मेट, नेब्युलायझरचा मास्क. शिडीचे रबरी बूट झिजले, की नवे बसेपर्यंत ती कपाटातच कुलपात. दुरुस्त न होणारी मशीन आणि बॅटऱ्या कचऱ्याच्या बादलीत न टाकता ई-कचऱ्यात द्या, आणि वहीत त्या ओळीवर तारीख घालून काट मारा.