मराठीच्या आधाराने तेलुगू कशी शिकावी: सोलापूरकरांसाठी

सोलापूरच्या पूर्व भागात तेलंगणातून येऊन स्थायिक झालेल्या पद्मशाली समाजाच्या घराघरांत तेलुगू बोलली जाते. असे असूनही, ही भाषा शिकू पाहणारे अनेक मराठी भाषक इंग्रजी माध्यमातील धडे उघडून बसतात आणि हातात असलेली मोठी सोय गमावतात. व्याकरणाच्या अनेक बाबतींत तेलुगू मराठीच्या जवळ आहे. म्हणून वाक्ये थेट मराठीशी ताडून पाहावीत.

‘नाकु तेलुगु वच्चु’ हे वाक्य घ्यावे. ‘नाकु’ म्हणजे ‘मला’, आणि ‘वच्चु’ हे येणे या अर्थाच्या धातूपासून झालेले रूप. म्हणजे शब्दाला शब्द ठेवून ‘मला तेलुगू येते’. येत नसल्यास ‘रादु’ म्हणावे. आपण आणि आम्ही यांतला जो भेद हिंदी-इंग्रजीत एकाच शब्दात बुडून जातो, तो तेलुगूत ‘मनमु’ आणि ‘मेमु’ असा स्वच्छ उभा आहे. दोघे, तिघे यांप्रमाणे माणसे मोजण्यासाठी ‘इद्दरु’, ‘मुग्गुरु’ असे निराळे शब्द आहेत. दुकानात चादरी मागताना मात्र ‘रेंडु दुप्पट्लु’ (दोन चादरी) म्हणावे. ‘इदि मा इल्लु’, म्हणजे ‘हे आमचे घर’, या वाक्यात ‘आहे’ची गरजच पडत नाही.

खरे कष्ट कानाला आहेत. तेलुगूत ए आणि ओ हे स्वर ऱ्हस्वही असतात आणि दीर्घही. ‘पेट्टे’ (पेटी) मधला पहिला ए ऱ्हस्व, तर ‘पेट’ (पेठ) मधला दीर्घ. रोजच्या देवनागरीत दोन्ही सारखेच दिसतात. म्हणून वहीत शब्द उतरवताना दीर्घ स्वराखाली रेघ ओढावी आणि प्रत्येक नवा शब्द एखाद्या तेलुगू भाषकाकडून सावकाश म्हणवून घ्यावा.

लिंगाची धास्ती बाळगू नये. वस्तूंची लिंगे पाठ करावी लागत नाहीत, कारण एकवचनी क्रियापदात पुरुषासाठी एक रूप आणि स्त्री, प्राणी व वस्तू यांच्यासाठी दुसरे, एवढेच सांभाळायचे असते: तो आला ‘वच्चाडु’, ती किंवा ते आले ‘वच्चिंदि’. वडीलधाऱ्यांबद्दल बोलताना, स्त्री असो वा पुरुष, ‘वच्चारु’ म्हणावे. समोरच्याला आरंभापासून ‘मीरु’ (तुम्ही) असेच म्हणावे आणि आज्ञार्थाला ‘अंडि’ जोडावे: रंडि (या), कूर्चोंडि (बसा), चेप्पंडि (सांगा).

पुस्तकात ‘कसे’ला ‘एला’ दिलेले असले, तरी तेलंगणाच्या बोलीत ‘एट्ला’ ऐकू येते. ज्यांच्याशी बोलायचे आहे त्यांचेच रूप उचलावे. पुस्तकी रूप वाचनापुरते ओळखता आले की पुरे.

लिपी लांबणीवर टाकू नये. वर्णक्रम आपल्याच क-ख-ग-घचा आहे आणि बाराखडीला तेथे ‘गुणिंतम्’ म्हणतात. त्यामुळे आधी एका व्यंजनाची पूर्ण बाराखडी गिरवावी, मग घरातल्या माणसांची नावे लिहावीत, आणि जोडाक्षरात खाली येणाऱ्या ‘वत्तु’कडे त्यानंतर वळावे. कन्नड लिपी हिची सख्खी बहीण असल्याने, अक्कलकोटकडे कन्नड भाषकांत वावरणाऱ्यांनी दोन्ही बाराखड्या शेजारी शेजारी लिहून ठेवाव्यात.